दोन स्वेटरांची जागा

मला लंडनला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते कशासाठी केलं, हे शोधत बसायला नको. मी अकरा वर्षांची होते. गोंदियाच्या बाजारामागच्या गल्लीत माझ्या वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं, आणि दुकानासमोरच्या दुमजली घरातली माणसं लंडनला निघाली होती. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. गोरे साहेब आपल्या गावी परत गेले होते, आणि आता आमच्या गल्लीतली माणसं त्यांच्याकडे पाहुणी म्हणून जाणार होती.

समोरचं घर डॉक्टरांचं. डॉक्टर वर्षभरापूर्वीच पुढच्या शिक्षणासाठी तिकडे गेलेले. आता मे महिन्यात डॉक्टरीणबाई दोन्ही मुलांना घेऊन बोटीने त्यांच्याकडे जाणार, सात-आठ महिने राहणार आणि लंडन बघून परत येणार, असं ठरलं होतं. मुलगी माझ्याच वयाची. ती नागपूरला मावशीकडे राहून शिकत होती. मुलगा पाच वर्षांचा. त्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, आणि तो समुद्र ओलांडणार होता.

मी तोवर सगळ्यात लांब गेले होते ती अर्जुनी मोरगावला, मामाकडे, छोट्या लाईनच्या गाडीने. ती गाडी इतकी हळू जायची की लोक मध्ये उतरून बोरं तोडून परत चढतात, अशी थट्टा होती. मामाच्या गावी तलाव, धानाच्या बांध्या आणि मामीचा जाच. परत आल्यावर मी शाळेत त्याचं वर्णन महिनाभर पुरवलं होतं. आता ते कोण ऐकणार होतं?

त्या उन्हाळ्यात शिवलेले कपडे पोचवायच्या निमित्ताने मी समोरच्या घरात दिवसातून दोन-दोनदा जायची. तिथे जेवणाच्या टेबलावर लंडनचा नकाशा पसरलेला असे, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून. भिंतीवर डॉक्टरांनी लिहून पाठवलेला कागद होता: कोणत्या महिन्यात मुलांना काय दाखवायचं. जुलैत नदीतून बोटीची फेरी. ऑगस्टमध्ये राणीचा वाडा आणि तिथल्या शिपायांचा पहारा. मग जमिनीखालची रेल्वे, मग मोठं घड्याळ. आणि डॉक्टरांची परीक्षा संपली की नोव्हेंबरात प्राणिसंग्रहालय. तिथे पांढऱ्या पोटाचे, माणसासारखे उभे चालणारे पक्षी आहेत आणि ते दुपारी रांगेने मासे खायला येतात, असं डॉक्टरांनी मुद्दाम मुलांसाठी लिहिलं होतं. मला बाकीचं सगळं सोडा, ते पक्षी बघायचे होते. तो कागद मी पाठ केला. आजही म्हणून दाखवीन.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो पाच वर्षांचा मुलगा काट्या-चमच्याने भात खायला शिकत असायचा. आमच्या भाताच्या मुलखात काट्याने भात खाणं म्हणजे काय, ते बघायलाच हवं होतं. अर्धा भात मांडीवर, अर्धा फरशीवर. डॉक्टरीणबाई हसून म्हणायच्या, "जमेल रे हळूहळू." मी दारात उभी राहून मनात म्हणायची, मला एका दिवसात जमेल. घरी येऊन मी कंगव्याने भात खायचा प्रयत्न केला आणि आईचा धपाटा खाल्ला.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी हसत हसत सांगितलं, "आमच्या कन्यकेचं पत्र आलंय. म्हणते, मला नाही यायचं. मैत्रिणी सुटणार म्हणून रडते आहे वेडी."

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. ज्या पोरीला जायचं नव्हतं तिला ओढून नेणार होते, आणि जी पायी चालत जायला तयार होती तिला कुणी विचारत नव्हतं. मी जळत होते. दुसरा शब्द नाही त्याला.

आणि मग कोटाचं काम आमच्याच दुकानात आलं.

डॉक्टरांनी कळवलं होतं की तिकडचा जूनसुद्धा आपल्या पौषासारखा असतो, तेव्हा मुलीला जाड लोकरीचा लांब कोट इथूनच शिवून आणा. मुलाला चुलतभावाचा जुना कोट होता. बाईंनी नागपूरहून गडद निळं कापड मागवलं. इतकं जड कापड आमच्या दुकानात पूर्वी आलंच नव्हतं. वडील त्यावरून हात फिरवत बराच वेळ बसले. त्यांचं आयुष्य पायजमे, सदरे, झंपर आणि शाळेचे फ्रॉक शिवण्यात गेलेलं. ओव्हरकोट त्यांनी स्टेशनवर साहेब लोकांच्या अंगावर पाहिला होता, तेवढाच.

पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रेल्वेच्या बंगल्यांकडे एक म्हातारा अँग्लो-इंडियन गार्ड राहत असे. वडिलांनी जाऊन त्याचा जुना ओव्हरकोट मागून आणला. तो एका बाजूने उसवला, आत कुठे काय दडलंय ते पाहिलं, प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून खडूने आखला आणि चार दिवसांत पूर्वीसारखा शिवून परत केला. गार्डला कळलंही नाही. वडील शाळेत गेले नव्हते. ते असे शिकायचे.

मुलगी नागपूरला असल्यामुळे माप कुणाचं घ्यायचं हा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी होते. मागच्या दिवाळीत तिचे फ्रॉक माझ्या मापाने शिवले होते आणि ते तिला चपखल बसले होते. म्हणजे लंडनला जाणार ती, आणि तिच्यासाठी हात वर करून, श्वास रोखून उभी राहणार मी. बाईंनी एवढ्यावर थांबावं की नाही? त्या म्हणाल्या, "बरं झालं हो मास्टर, तुमच्याकडे घरचाच पुतळा आहे."

पुतळा म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नसेल. माझ्या मनात ते राहिलं.

डॉक्टरांच्या पत्रात शिंप्यासाठी एक वेगळं पान होतं. बाईंनी ते न वाचता तसंच माझ्या हाती पाठवलं. वडील माझ्याकडून सगळं वाचून घ्यायचे, वर्तमानपत्रसुद्धा. डोळ्यांतून पाणी येतं म्हणायचे. मशीनवर बसूनच त्यांनी सांगितलं, "वाच वो बाई. हळूहळू वाच."

मी वाचू लागले. कोट गुडघ्याच्या खाली चार बोटं असावा. कॉलर उंच, गळ्यापर्यंत बंद होणारी. खिसे खोल. बटणं मोठी असावीत, हातमोजे घालूनही लावता येतील अशी. इथे वडील हसले. "हातमोजे घालून बटन लावाचं. काय मुलूक असंन थो."

त्यानंतरची ओळ अशी होती: कोट अंगाबरोबर मुळीच नको, आत दोन स्वेटर घातले तरी सगळी बटणं लागली पाहिजेत, इतका सैल हवा. तिच्याखाली डॉक्टरांनी रेघ ओढली होती.

मी ती ओळ वाचली. मनात. मग पानाची घडी केली.

"बस? सैल-बिल काही लिहून आहे का?" वडिलांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अंगाबरोबर म्हणून लिहिलं आहे."

ते मी का केलं? माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे कोट तिला तिकडे होणार नाही, ती तो परत आणेल, आणि मग तो माझाच. दुसरी याहून वाईट. तिला थंडी वाजावी, एवढंच मला वाटलं. ती राणीच्या वाड्यासमोर उभी राहील आणि कुडकुडेल. माझ्या वाट्याला लंडन नाही, तर निदान तिच्या वाट्याला थोडी थंडी यावी.

वडिलांनी पान घेतलं आणि निळ्या कापडाच्या गठ्ठ्याला सेफ्टी पिनने टोचून ठेवलं. कोट तयार होईपर्यंत ते तिथेच लटकत होतं. रोज बाहेरून आले की मी आधी त्याच्याकडे बघायची.

तेव्हा गोंदियात उन्हाळा ऐन भरात आला होता. तेंदूपत्त्याच्या गाड्या येऊ लागल्या होत्या, राइस मिलचा कोंडा हवेत उडून घामाला चिकटत होता. त्या उन्हात, पातळ सुती झग्यावर तो लोकरीचा कोट घालून मी तीन वेळा उभी राहिले. पहिल्यांदा कच्च्या टाक्यांचा. दुसऱ्यांदा बाह्या लावून. वडील तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरायचे. आई बटणांची काजं करता करता म्हणाली, "पोट्टी उकडून मरंल. काढा लवकर." मला काढायचा नव्हता.

लहान मुलांच्या कपड्यात वडील नेहमी शिवणीच्या आत माया सोडायचे, म्हणजे जादा कापड दुमडून ठेवायचे. पोर वाढलं की उसवायचं आणि बाहेर काढायचं. सगळ्या गल्लीच्या पोरांचे कपडे असे दोन-तीन वर्षं चालायचे. या कोटातही त्यांनी ते सोडलं असणार, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला फक्त कोट दिसत होता.

तिसऱ्यांदा कोट पुरा झाला होता. अस्तर लागलं होतं, मोठी काळी बटणं लागली होती. वडिलांनी कोळशाची इस्त्री फिरवून तो माझ्या अंगावर चढवला आणि एकेक बटण स्वतः लावलं. मग दोन पावलं मागे गेले.

"आरशात पाय," ते म्हणाले.

मी पाहिलं. दुकानातल्या त्या डागाळलेल्या आरशात एक मुलगी उभी होती. तिच्या खांद्यावर एक सुरकुती नव्हती, कंबरेशी कापड नेमकं वळलं होतं, कॉलर हनुवटीखाली उभी होती. ती मुलगी कुठेही जाऊ शकली असती. मी खिशात हात घातले. खिसे खरंच खोल होते. वडील खूप वेळ नुसते बघत राहिले. मग गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी कोट काढून घेतला.

मुलगी निघायच्या दोन दिवस आधी नागपूरहून आली. तिने कोट घालून पाहिला, तोही फ्रॉकवर. त्या मे महिन्यात स्वेटर काढून आण, असं कुणाच्या डोक्यात येणार? अंगात कोट चढवताच तिला घाम फुटला. कोट तिला माझ्याइतकाच बसला. बाई म्हणाल्या, "मास्टर, नागपूरला सुद्धा असा कुणी शिवून दिला नसता." त्या मुलीने तो काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाली, "टोचतो." मी तो उचलून त्याची नीट घडी केली. त्या क्षणी मला केलेल्याचा जरासुद्धा पश्चात्ताप नव्हता.

ते गेले. स्टेशनवर अर्धी गल्ली गेली होती, वडीलही हार घेऊन गेले. मी पोटात दुखतं म्हणून घरी राहिले. खोटं नव्हतं ते.

पुढचे महिने मी भिंतीवरचा तो कागद मनातल्या मनात चालवत होते. आज नदी. आज पहारा. आज जमिनीखालची रेल्वे. पावसात आमची गल्ली चिखलाने भरली आणि मी विचार करायची, तिथे चिखल असेल का. नवरात्रात, दिवाळीत, भाताची कापणी सुरू झाली तेव्हा, मी सारखी हिशेब लावत असे की आता ती कुठे उभी असेल.

डिसेंबर लागता लागता बाईंचं पत्र आलं. आमच्या सगळ्यांसाठी होतं आणि त्यात एक फोटो होता. मी दुकानात मोठ्याने वाचलं. थंडी फार आहे. मुलीला खोकला झाला, ताप आला, दहा दिवस अंथरुणात होती. प्राणिसंग्रहालय तेवढं हुकलं तिचं, भाऊ एकटाच वडिलांबरोबर जाऊन आला. आता बरी आहे. मास्टरांना सांगावं की कोटाचं कापड सगळ्यांना फार आवडलं.

कापड आवडलं. शिलाईबद्दल एक शब्द नव्हता.

तिचं प्राणिसंग्रहालय हुकलं हे वाचून मला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगू? ते पक्षी तिनेही पाहिले नव्हते. आता आम्ही दोघी सारख्या. हा आनंद वर्तमानपत्राची घडी घालायला लागतो तेवढाच वेळ टिकला असेल. मग मी फोटो पाहिला.

एका दगडी पुलावर सगळे उभे होते. डॉक्टर, बाई, मुलगा आणि शेवटी ती. आत जाड स्वेटर घातल्यामुळे ती फुगलेली दिसत होती. कोटाची दोन्ही टोकं पुढे एकमेकांना पोचत नव्हती. एकही बटण लागलेलं नव्हतं. एका हाताने तिने ती टोकं छातीशी ओढून धरली होती आणि नाक लाल झालं असावं असा तिचा चेहरा होता. मी हेच मागितलं होतं. नेमकं हेच, राणीच्या वाड्याच्या ऐवजी पूल, एवढाच फरक.

वडिलांनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे नेला. मला वाटलं आता विचारतील, बटन काऊन नाही लावलं पोरीनं. त्यांनी विचारलं नाही. फोटो फ्रेम करून दुकानात लावतील, असं आईला वाटलं होतं. तसं म्हणालीही ती. वडिलांनी फोटो मापाच्या वहीत घातला, वही बंद केली आणि मशीन सुरू केली. त्या आठवड्यात ते कुणाशी धड बोलले नाहीत. गल्लीत कुणी विचारलं, तुमचा कोट लंडनला गेला म्हणे, तर नुसती मान हलवायचे. त्यांचं नाव मी घालवलं, हे मला कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं की मी त्या मुलीचं वाईट केलं. वडील यात कुठे होते, याचा मी विचारच केला नव्हता.

संक्रांतीच्या आसपास ते लोक परत आले. मुलगी वाळली होती आणि पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "तिथे मला मैत्रीण नव्हती एकही." मग आत गेली आणि तो निळा कोट घेऊन आली. तिला तिकडे दुसरा घेतला होता. "आई म्हणते तुला होईल. तुझ्याच मापाचा आहे ना."

मिळाला. ज्याच्यासाठी सगळं केलं तो कोट मिळाला. घरी येईपर्यंत तो हातात धरवत नव्हता.

गोंदियाला तेव्हा कडाक्याची थंडी होती. सकाळी शाळेत जाताना दात वाजायचे. वडिलांनी कोट माझ्या अंगावर धरला. आठ महिन्यांत मी वाढले होते. कोट खांद्यात आवळत होता, बटणं ओढून लावावी लागत होती. ते खाली बसले, ब्लेड घेतलं आणि अस्तराच्या कडेची शिवण सोडली. मग बगलेखालची. आतून निळं कापड बाहेर आलं. दोन्ही बाजूंना, पाठीत, बाह्यांत. हातभर नाही, पण तीन-चार बोटं सहज. एवढं कापड त्या कोटात सुरुवातीपासून होतं. दोन काय, तीन स्वेटर मावले असते.

माझ्या तोंडून निघून गेलं. "बाबूजी, त्या चिठ्ठीत एक ओळ होती. मी वाचली नव्हती."

त्यांचा हात थांबला नाही. "दोन स्वेटर," ते म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगंल? पिनेनं टोचून होती ना चिठ्ठी. रेघ मारून होती त्या ओळीखाली. तू गेल्यावर अक्षर अक्षर लावून वाचली. मापाच्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव कोण लिहिते मंग? मीच ना?" त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुह्याकडून वाचून घेतो, थे मले आयकाले बरं वाटते म्हणून."

"मग तुम्ही सैल का नाही केला?"

"कराचाच होता. म्हणून तं एवढं कापड सोडलं. आधी अंगाबरोबर बसवून पाहू, शेवटच्या टायमाले उसवून मोठा करू म्हटलं. दोन दिवसाचं काम." मला वाटलं आता ते माझ्यावर रागावतील. "तुह्या अंगावर घालून पायला ना त्या दिवशी. असा बसला होता. मंग उसवाले हातच नाही झाला."

आई आतून विचारत होती, झालं का, शाळेची वेळ झाली. वडिलांनी सुईत दोरा ओवला. "आपल्या पोरीले बसला न् दुसऱ्याच्या पोरीले द्याचा," ते म्हणाले, "थे मले नाही पटलं. अन् तिकडं पोरगी आजारी पडली."

फोटो वहीत का गेला ते मला तेव्हा कळलं. मी माझ्या एकटीच्या पापाचं ओझं समजत होते. ते आम्ही दोघांनी मिळून केलं होतं, एका छपराखाली, एकमेकांना न सांगता, आणि दोघांनाही एकच दुखणं होतं.

त्यांनी नव्याने शिवण घातली, धागे झटकले आणि कोट माझ्या अंगावर चढवला. आता तो सैल होता. आत माझा फाटका स्वेटरही मावला. एकेक बटण त्यांनी लावलं, खालून वरपर्यंत. आरशात पाय, असं ते म्हणाले नाहीत. मीही पाहिलं नाही. दप्तर उचललं आणि समोरच्या घराकडे न बघता शाळेत गेले.